बोगद्यातली हजेरी

अक्का,

तू गेलीस त्याला आज नववा दिवस. घरी माणसं येतात, बसतात, चहा घेतात आणि तुझ्याबद्दल बोलतात. "लई मायाळू बाई हुती," असं प्रत्येक जण म्हणतो. मी मान हलवते, पण आतून मला राग येतो. मायाळू तर तू होतीसच. पण तू हुशार होतीस, अक्का. तुझ्या कामात तू इतकी तरबेज होतीस की तुझ्यासारखं काम करणारं माणूस मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही. हे कुणी म्हणत नाही, कारण अंगणवाडीच्या बाईला कुणी हुशार म्हणत नाही. डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी तुझी धाकटी बहीणसुद्धा कधी म्हणाली नाही.

आणि त्याहून वाईट म्हणजे, चार वर्षं मी तुझी एक गोष्ट माझी म्हणून सांगत आले.

ती गोष्ट आज पहिल्यापासून लिहून काढते. तुला ती माहीतच आहे. पण माझ्या तोंडून, जशी घडली तशी, तू ती कधी ऐकली नाहीस.

सुरुवात तनूपासून झाली. तुझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर अक्षरांची चित्रं होती. त्यात 'म'पुढं मासा होता, निळ्या पाण्यात तोंड उघडून पोहणारा. तू पोरांना विचारलंस, मासा कसा असतो? तनू तेव्हा चार वर्षांची. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मासा कडक असतो बाई. भाजला का लई वास येतो." बाकीची पोरं हो हो करायला लागली. आपल्या वस्तीवर मासा येतो तो शुक्रवारी घोडेगावच्या बाजारातून, वाळलेला, कागदात बांधून. त्या पोरांनी दुसरा मासा पाहिलाच नव्हता.

त्या संध्याकाळी तू माझ्याकडं आलीस ती दारातच बसलीस. मला वाटलं तू हसत सांगशील. तू हसली नाहीस. "सुनी," म्हणालीस, "पान्यातला जीव हाय त्यो. अन माझी लेकरं म्हनत्यात कडक असतो. मी काय शिकिवलं मग?"

मी म्हणाले, अगं लहान आहेत, मोठी झाल्यावर कळेल. 

आठ दिवसांत तू बातमी काढलीस. नगरला एका मोठ्या गोदामात महिनाभरासाठी मत्स्यालय लागलं होतं. काचेच्या टाक्या, आणि शेवटी काचेचा बोगदा; माणूस मधून चालणार आणि मासे डोक्यावरून जाणार. तू ठरवून टाकलंस. तुझ्या पर्यवेक्षिका मॅडमनी नकार दिला. एवढ्या लहान मुलांची सहल नियमात बसत नाही म्हणाल्या, आणि त्यांचंही चुकलं नव्हतं. तू त्यांच्याशी भांडली नाहीस. तू शांतपणे विचारलंस की रविवारी शेजारच्या बाया आपापली लेकरं घेऊन नगरला गेल्या, तर त्याला परवानगी लागते का. मॅडम हसल्या म्हणे. लागत नाही म्हणाल्या.

रविवारची उपासना चुकवलेली मी तुला कधी पाहिली नव्हती. ताप असला तरी तू चर्चमध्ये, आपल्या देवळात, असायचीस. या वेळी तू आदल्या दिवशीच पाळकसाहेबांना सांगून आलीस. ते म्हणाले, प्रभूला पहिले शिष्य माशांपाशीच सापडले, तुम्ही खुशाल जा. हे तू मला तीनदा सांगितलंस. तुला तो मोठाच आधार वाटला होता.

आपलं भांडण झालं ते मात्र मी येण्यावरून. तुला मी हवी होते. तिथल्या पाट्या इंग्रजीत असतील, गेटवरच्या लोकांशी बोलावं लागेल, असं तू म्हणत होतीस. मी टाळत होते. सतरा पोरं, सगळी सहा वर्षांच्या आतली. काही झालं तर मला नोकरीवर विचारतील, अशी भीती मला होती. ती मी सांगितली नाही. दुसरंच काहीतरी पुढं केलं. मी म्हणाले, "अक्का, चार वर्षांच्या पोराला काय आठवणार आहे? एवढा आटापिटा करशील आणि पुढच्या वर्षी विचारलंस तर एकालाही सांगता येणार नाही."

तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "परवा खाल्लेलं तुला आज आठवतंय का? अंगी तर लागतंय ना."

मी म्हणाले, खाणं वेगळं आणि शिकणं वेगळं. तू म्हणालीस, "तुमच्या शाळंत असंल येगळं." त्यावर मला पुष्कळ बोलायचं होतं. मी डी.एड.ला बालमानसशास्त्र शिकले होते, तू दहावीनंतर घर सांभाळायला थांबली होतीस, आई आजारी होती म्हणून आणि माझी शाळा सुटू नये म्हणून. तोंडाशी आलेलं मी गिळलं. तेवढं बरं केलं.

मी आले. ते तुझ्यासाठी आले, एवढंच खरं.

त्या दिवशी सकाळी तू तुझी एक जुनी पिवळी साडी फाडून सतरा पट्ट्या केल्या होत्यास. प्रत्येक पोराच्या डाव्या मनगटाला एक. सगळ्यांना निघायच्या आधी अंगणवाडीतच बोलावलंस, तुझ्या मदतनीस ताराबाईंनी शिरा केला होता, तो प्रत्येकाला समोर बसवून खाऊ घातलास. पोट भरलेलं पोर रडत नाही, हा तुझा नियम. रज्जाकभाईंच्या मिनीबसमध्ये पोरं, सहा आया, ताराबाई, तू आणि मी. नगर येईपर्यंत तू प्रत्येकाला एकदा तरी खिडकीपाशी बसवलंस. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण आपली पोरं अजून "नगर आलं, नगर आलं" असंच ओरडतात. तशीच ती ओरडली.

गोदामाच्या दारावरचा माणूस आम्हाला पाहून गडबडला. एवढी लहान मुलं एकदम आत सोडता येत नाहीत म्हणाला. मी पुढं होऊन विनवण्या करायला लागले होते. तू मला बाजूला केलंस आणि त्याला म्हणालीस की आम्ही घाई करणार नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा जाऊ. मग पोरांना तिथंच सावलीत बसवून गाणी म्हणायला लावलंस. दहा मिनिटांत तो माणूस स्वतः येऊन आम्हाला आत घेऊन गेला.

आत निळा अंधार होता, थंड. सतरा पोरं एकदम गप्प झाली. मी वर्गात कितीही डस्टर आपटला तरी तशी शांतता मला कधी मिळालेली नाही. पहिल्या टाकीत नारिंगी मासे होते, छोटे, पडद्यासारख्या शेपट्यांचे. मी पाटी वाचून नाव सांगायला लागले. तू माझा हात हळूच दाबलास. कुणी ऐकत नव्हतं. तनू काचेला नाक लावून उभी होती. एक मासा तिच्या नाकासमोर येऊन थांबला, तोंड उघडलं, मिटलं. तनूनंही उघडलं, मिटलं. मग ती वळून तुला म्हणाली, "बाई, ह्यो वला हाय."

"व्हय," तू म्हणालीस. "वला हाय. अन मऊ. अन जित्ता."

तुझा चेहरा तेव्हा मी पाहिला. तुझ्या पोटी मूल नव्हतं, आणि लोक त्यावरून तुझी कीव करायचे. त्या क्षणी कुणी कीव केली असती तर मीच त्याला दारातून बाहेर काढलं असतं.

बोगद्यात शिरलो तेव्हा रविवारची गर्दी वाढली होती. पुढं काही कुटुंबं, मागं कॉलेजची मुलं. पोरं मधोमध, माना वर करून. ताटासारखा पसरट, लांब शेपटीचा एक मासा आमच्या डोक्यावरून गेला आणि त्याचं पांढरं पोट सगळ्यांना दिसलं. त्याच वेळी दिवे गेले.

पंखे थांबले, पाण्याचा घरघर आवाज थांबला. अगदी गुडुप अंधार झाला. मग मागच्या लोकांनी मोबाईलच्या बॅटऱ्या लावल्या आणि ते अंधारापेक्षा वाईट झालं. उजेड काचेवर आपटून डोळ्यांत येत होता, माशांच्या सावल्या म्हशीएवढ्या होऊन अंगावर येत होत्या. पोरं किंचाळली. कुणीतरी ओरडलं, काच फुटंल, बाहेर चला. मागून धक्का आला.

मी काय केलं ते मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी हाताला लागली ती दोन पोरं धरली आणि दाराकडं ओढायला लागले. दार कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. रांग करा, रांग करा, असं मी ओरडत होते, आणि माझाच आवाज सगळ्यांत जास्त घाबरलेला होता.

आणि मग तुझा आवाज आला. मोठा नव्हता. तू अंगणवाडीत रोज दहा वाजता बोलतेस तोच.

"चला, खाली बसा. हजेरी हाय."

अंधारात पोरांची ढुंगणं जमिनीला टेकल्याचा आवाज मी ऐकला, अक्का. एकामागून एक. इतक्या गोंधळात ती बसली, कारण हजेरीला बसायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. मग तू मोठ्या माणसांकडं वळून म्हणालीस, "त्या बॅटऱ्या इझवा जरा. लेकरं सावल्यांना भ्यात्यात. अन तुमीबी बसा खाली. बसलेल्या मानसाला धक्का लागत न्हाई." तुझ्या आवाजात विनंतीही नव्हती आणि हुकूमही नव्हता. बॅटऱ्या विझल्या. माणसं बसल्याचं कपड्यांच्या सळसळीवरून कळलं. मागचा रेटा थांबला.

तू नावं घ्यायला लागलीस. वही नव्हती, उजेड नव्हता. तनुजा. हजर. आदित्य. हजर. अलिशा. हजर. प्रत्येक नावानंतर तू क्षणभर थांबत होतीस आणि आवाज कुठून आला ते ऐकत होतीस. रडत असलेल्या पोराचं नाव तू दोनदा घेतलंस, दुसऱ्यांदा हजर म्हणताना त्याचं रडू थांबलं. सोळा नावं झाली.

"ओंकार."

उत्तर नाही.

ओंकारची आई माझ्या शेजारी होती. तिचा हात माझ्या दंडात रुतला. तुझ्या जागी मी असते तर पुन्हा ओंकार, ओंकार म्हणून ओरडले असते. आम्हाला कॉलेजात हजेरी घ्यायला शिकवतात, गैरहजर माणसाचं काय करायचं ते शिकवत नाहीत.

तू ओरडली नाहीस. त्याच आवाजात विचारलंस, "ओंकारनी सकाळी काय खाल्लं रं?"

लांबून, पार पुढच्या टोकाकडून, एक बारीक आवाज आला. "शिरा."

"अन कशात खाल्ला?"

"ताटलीत."

"तितंच बस. मी आले."

त्याच्या आवाजाच्या दिशेनं तू गुडघ्यांवर सरकत गेलीस. नंतर तू मला सांगितलंस की ओंकार हजेरीला कधीच ओ देत नाही, वर्षभरात एकदाही दिली नव्हती. पण खाण्याचं विचारलं की झोपेतसुद्धा उत्तर देतो. सतरा पोरांचं असं तुला सगळं माहीत होतं. तुझ्या कुठल्याच रजिस्टरात ते लिहायला रकाना नव्हता.

जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागला कोण जाणे. दिवे आले तेव्हा काचेच्या त्या बोगद्यात सतरा पोरं आणि पन्नासेक मोठी माणसं मांडी घालून बसलेली होती. जीन्स घातलेली कॉलेजची मुलं, एक बूटवाले साहेब, त्यांची बायको, सगळे. आणि तू पुढच्या टोकाला, ओंकारला मांडीवर घेऊन. तुझ्या पातळाला गुडघ्यांवर दोन काळे डाग पडले होते. वरून मासे पुन्हा फिरायला लागले. कुणी उठेना. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि पोरांनाही वाटलं की टाळ्या वाजवायच्या असतात.

बाहेर आल्यावर तिथले व्यवस्थापक धावत आले. माझ्या खांद्याला पर्स होती, पदराला पिन होती, डोळ्यांवर चष्मा होता. तू एका पोराचं नाक पुसत होतीस. ते सरळ माझ्याकडं आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळं आज अनर्थ टळला." हात जोडले. कुठली शाळा, विचारलं.

मी शाळेचं नाव सांगितलं.

एवढंच. खोटं एक अक्षर बोलले नाही. ती माझीच शाळा होती.

गाडीत मी तुला म्हणाले, त्यांना वाटलं मीच होते. तू खिडकीबाहेर बघत हसलीस. "वाटू दे की. तूबी माझीच हायेस." आणि लगेच पुढं झुकून रज्जाकभाईंना म्हणालीस, जरा सावकाश घ्या, निम्मी झोपलीत. तुझ्या दृष्टीनं विषय संपला होता. माझ्या दृष्टीनं तिथून सुरू झाला. दुसऱ्या दिवशी शाळेत मी हकिगत सांगितली तेव्हा "आम्ही पोरांना बसवलं" असं म्हणाले. पंधरा दिवसांनी शिक्षकांच्या केंद्र बैठकीत सांगितली तेव्हा "मी" झालं होतं. आमच्या मुख्याध्यापकांनी ती गोष्ट प्रसंगावधानाचं उदाहरण म्हणून दोनदा भाषणात सांगितली. मी खाली मान घालून बसले. लोकांना तो विनय वाटला.

तुझ्या कानावर ते आलं होतं का, अक्का? आलं असेल. वस्तीवर काय लपतं? पण तू कधी शब्द काढला नाहीस.

आता तुला न सांगितलेली दुसरी गोष्ट. ओंकार यंदा तिसरीत आहे, माझ्याच वर्गात. जूनमध्ये मी त्याला सहज विचारलं, तुला नगरचे मासे आठवतात का रे? बोगदा? दिवे गेले होते? त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "न्हाई बाई." तनूला विचारलं. तिलाही नाही. आपल्या भांडणात मी जिंकले होते. तुला येऊन सांगायचंही ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात पहिलीतलं एक नवं पोर आईला सोडेना. व्हरांड्यात लोळण घेऊन आक्रोश. आम्ही दोन शिक्षिका खाऊ दाखवून, चित्रं दाखवून दमलो. ओंकार पाणी प्यायला आला होता. तो त्या पोराजवळ गेला, त्याच्याशेजारी जमिनीवर बसला आणि त्यानं विचारलं, "तू सकाळी काय खाल्लं रं?" पोर रडता रडता म्हणालं, भाकर. "कशासंगं?" दुधासंगं. पाच मिनिटांत दोघं आत गेले.

 ओंकारला कुठं शिकलास म्हणून विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. तुझं म्हणणं खरं होतं, अक्का. पूर्ण खरं होतं. आणि मी ते तुला सांगायला आले नाही, कारण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी मी धीर केला होता. तुझा हात धरून म्हणाले, अक्का, एक सांगायचंय. तुला बोलायला धाप लागत होती. तू म्हणालीस, "उंद्या सांग. आधी ताराबाईला फोन लाव, लेकरांची मटकी भिजू घातली का इचार." मी फोन लावला. मटकी भिजत घातली होती. तू डोळे मिटलेस. तो उद्या मला मिळाला नाही.

म्हणून आज सकाळी, उपासनेनंतर तुझ्यासाठी प्रार्थना झाली आणि पाळकसाहेबांनी घरच्यांपैकी कुणी बोलणार का विचारलं, तेव्हा मी उठले. देऊळ भरलं होतं, पुढं तुझा फोटो ठेवला होता. आपली ख्रिस्ती घरं होतीच, पण वस्तीवरच्या सगळ्या मराठ्यांच्या, माळ्यांच्या बायका आल्या होत्या, रज्जाकभाई दारात उभे होते. तुझ्या चौदा वर्षांच्या नोकरीतली पोरं होती, काही बापाएवढी उंच झालेली. आमचे मुख्याध्यापक दुसऱ्या रांगेत होते. तू केलेलं सगळं, आता लिहिलं तसं, मी सांगितलं. मासा कडक असतो इथपासून. बायका हसल्या, मग पदर डोळ्यांना गेले. शिऱ्याचं सांगताना ओंकारची आई मधेच उठून उभी राहिली, तिच्याच्यानं बसवेना. आणि शेवटी मी म्हणाले की हे मी केलं असं तुम्ही चार वर्षं ऐकलंत, ते मी केलेलं नाही. ते माझ्या अक्कानं केलं.   इतक्या अभिमानानं मी आजवर कुठल्याच व्यासपीठावर बोलले नव्हते.

बाहेर मुख्याध्यापक माझ्यासाठी थांबले होते. पायांत बूट घालून झाले होते. रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, "बाई, मग त्या अंधारात तुम्ही काय केलंत?"

"मी बसले, सर," मी म्हणाले. "ती बसा म्हणाली, मी बसले."

त्यांनी मान हलवली. मग वाकून बुटांच्या नाड्या पुन्हा सोडल्या, आत गेले, आणि तुझ्या फोटोपुढं जमिनीवर मांडी घालून बराच वेळ बसून राहिले.